चाकू लावल्याने गाठ पसरत नाही

‘गाठीला चाकू लावू नका, पसरते.’ जबड्यात गाठ असलेल्या मुलाच्या घरी हे कुणीतरी येऊन सांगतंच. त्यातून मुलाला गॉर्लिन सिंड्रोम असेल, तर सांगणाऱ्याच्या हाती आयता पुरावा सापडतो: डावीकडची गाठ काढली आणि पुढे उजवीकडे निघाली. ‘बघा, म्हटलं नव्हतं?’

नाही, पसरली नाही. उजवीकडची गाठ तिथेच, स्वतंत्रपणे तयार झाली. अमेरिकेतल्या गॉर्लिन आणि गोल्ट्झ या डॉक्टरांनी १९६० साली वर्णन केलेल्या या आजारात बहुतेकदा नवव्या गुणसूत्रावरचं पीटीसीएच-१ हे जनुक बिघडलेलं असतं. पेशींच्या वाढीला लगाम घालणं हे त्याचं काम. हा बिघाड मुलाच्या शरीरभर असल्याने दात घडवणाऱ्या पेशींचे अवशेष जबड्यात जिथे जिथे उरलेत, तिथे तिथे गाठ होऊ शकते. चाकू लावा अथवा लावू नका.

काढलेल्या जागी गाठ पुन्हा होते, हे मात्र खरं; पण त्याचं कारण वेगळं आहे. ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट या नावाच्या या गाठीचं अस्तर इतकं पातळ असतं, की काढताना फाटतं. त्याचा कण राहिला किंवा शेजारच्या हाडात बारीक पिल्लू-गाठ राहिली, तर गाठ पुन्हा धरते. म्हणून सर्जन गाठीभोवतीचं थोडं हाडही घासून काढतात. उगाच थांबलात तर काय होतं? ही गाठ हाड पोखरत लांबीने वाढते, गालावर सूज उशिरा दिसते. तोवर दातांचे अंकुर सरकलेले असतात, कधी जबडा मोडण्याइतका पोकळ झालेला असतो.

‘मग जबड्याचा तेवढा भागच काढून टाका’ हे दुसरं टोक. वाढत्या वयात तो सहसा शेवटचा पर्याय असतो. मोठ्या गाठीत अनेकदा आधी छोटी खिडकी पाडून नळी शिवतात. आतला पांढरा, चिकट, पनीरच्या चुऱ्यासारखा ऐवज निघून जातो आणि दाब उतरतो. मग आई-बाबांनी रोज सिरिंजने सलाइन सोडून ती पोकळी धुवायची, काही महिने. कंटाळवाणं काम आहे, पण गाठ आक्रसते, हाड भरून येतं, दातांचे अंकुर वाचतात. उरलेली गाठ नंतर काढतात. ‘डॉक्टर टाके घालायला विसरले’ असं म्हणून नळी ओढून काढणाऱ्यांना कोपरापासून दंडवत!

गोड खाल्ल्याने ही गाठ होत नाही, गरोदरपणी ग्रहण पाहिल्यानेही नाही. गाठ म्हणजे कॅन्सरही नव्हे: जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला साध्या, कॅन्सर नसलेल्या ट्यूमरच्या यादीत टाकलं होतं, २०१७ साली पुन्हा ‘सिस्ट’ या गटात आणलं. मात्र या सिंड्रोममध्ये बेसल सेल प्रकारचा त्वचेचा कॅन्सर आणि लहानपणी, क्वचित, मेंदूतली गाठ होऊ शकते. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. ‘आम्हा दोघांना नाही, मग आनुवंशिक कसं?’ सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत बिघाड नव्यानेच झालेला असतो. शिवाय कधी आई-बाबांपैकी एकाला हा सिंड्रोम असतोच, पण त्याची खूण असलेले तळहातावरचे टाचणीएवढे खड्डे आजवर कुणी पाहिलेलेच नसतात.

एक्स-रेची भीती अर्धी खरी आहे. या मुलांना कॅन्सरवरचे रेडिएशन उपचार शक्यतो टाळतात, कारण किरणोत्सर्ग झालेल्या भागात त्वचेचे कॅन्सर उगवतात. पण ओपीजी या जबड्याच्या एक्स-रेचा डोस अगदी कमी असतो आणि साधारण वर्षातून एकदा तो काढावाच लागतो. चेहरा न सुजता गाठ सापडते ती त्यातच.

तेव्हा मुलाच्या जबड्यात एकाहून अधिक गाठी निघाल्या, किंवा अशी एक जरी लहान वयात निघाली, तर काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला का, हे विचारा. जनुकतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. आणि जुने ओपीजी रद्दीत टाकू नका. गाठ जुन्याच जागी आली की नवीन जागी, हे पुढच्या सर्जनला त्यावरूनच कळणार आहे.