सातबाऱ्याचे नवे रकाने

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. वर मालकी, खाली पीक. अचलपूर तालुक्यातल्या पथ्रोटचा शेतकरी असो की असदपूरचा, बँकेचं कर्ज, पीकविमा, वावराची खरेदी-विक्री, भावाभावांतली वाटणी, सगळं शेवटी या रकान्यांपाशी येऊन थांबतं. म्हणून त्या रकान्यांची मांडणी बदलते तेव्हा ती नीट समजून घ्यायला हवी.

वऱ्हाडात जमिनीच्या नोंदी नव्या नाहीत. इमादशाहीच्या काळात एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हीच वऱ्हाडची राजधानी होती. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पुढच्या दशकात इथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. आजचा कागद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 आणि तिच्याखालच्या नियमांवर उभा आहे. हातानं लिहिलेला सातबारा पटवाऱ्याच्या दप्तरातून संगणकावर गेला, फेरफाराच्या, म्हणजे हक्कबदलाच्या, नोंदींसाठी ई-फेरफार प्रणाली आली, आणि 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तरी तोवर आतली घडण बरीचशी जुनीच होती.

खरा बदल सप्टेंबर 2020 मध्ये आला. वर शासनाचं बोधचिन्ह आलं, गावाच्या नावाशेजारी गावाचा संकेतांक आला. हे दिसायला ठीक. कामाचं पुढे आहे. क्षेत्राचा रकाना घ्या. पूर्वी लागवडयोग्य आणि पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या, क्षेत्राची एकत्र बेरीज वेगळी दाखवलेली नसे, ती वाचणाऱ्यानंच करायची. आता लागवडयोग्य 1.62.00, पोटखराब 0.04.00, एकूण 1.66.00 असं स्वतंत्र लिहून येतं. हे दशांशाचे आकडे नव्हेत. पहिला हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. एका हेक्टरचे 100 आर होतात, आणि एकराचे साधारण 40. म्हणजे वरचं लागवडीचं क्षेत्र चार एकर. बिगरशेती जमिनीला हेक्टर उरला नाही, तिथं आर आणि चौरस मीटर.

नावांच्या बाबतीतली सुधारणा मला सगळ्यांत मोलाची वाटते. मयत खातेदार, फिटलेलं कर्ज, संपलेला ई-करार, या नोंदी आधी कंसात ठेवल्या जात. कंसातलं नाव चालू की बंद, हे माहीतगाराखेरीज कोणाला कळत नसे. आता त्यावर आडवी रेघ मारलेली असते. नाव वाचता येतं आणि ते कमी झालं आहे हेही दिसतं. खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला, दोन खातेदारांमध्ये तुटक रेघ आली. शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीख वेगळी छापली जाते, आणि प्रलंबित फेरफार असेल तर तोही दाखवला जातो. वावर विकत घेणाऱ्याला प्रलंबित फेरफाराची ही ओळ सर्वांत आधी पाहावी लागते. तिथं नोंद असेल, तर व्यवहार अजून मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणीकरणापर्यंत पोचलेला नाही.

रकाने वेगळे झाले की विसंगतीही उघडी पडते. सर्व खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नसेल, तर प्रणाली तो सर्व्हे क्रमांक अहवालात काढून दाखवते. वर्षानुवर्षं चुलत्या-पुतण्यांच्या भांडणात झाकून राहिलेला फरक आता पडद्यावर येतो. दुरुस्ती मात्र आपोआप होत नाही. लेखनातली चूक असेल तर संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराचा आदेश लागतो.

खालचा भाग, म्हणजे नमुना बारा, हा अचलपूरसाठी जास्त नाजूक. त्यात हंगाम, पिकाचं नाव, क्षेत्र, जलसिंचनाचं साधन येतं. संत्र्याची बाग वर्षानुवर्षं उभी असते, म्हणून ती नोंदायला सोपी. पऱ्हाटी किंवा सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक असतं, आणि पानपिंपरीचा वेल तर पांगारा, शेवरीच्या आधारानं चढतो. एकाच वावरातली अशी गर्दी मिश्र पिकाच्या रकान्यात बसवणं ही खरी परीक्षा.

पूर्वी हे पटवारी भरत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि पीक नोंदवण्याचं काम मोबाइलवर शेतकऱ्याच्या हाती आलं. पिकाचा फोटो उभ्या वावरात काढायचा असतो. 2022 च्या सुधारित आवृत्तीत जमिनीच्या गटाचा मध्यबिंदू बसवला गेला. फोटो दुसऱ्याच ठिकाणाहून काढला असेल तर तसं कळतं. मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदता येऊ लागली, आणि नोंद चुकली तर 48 तासांच्या आत एकदा बदलायची सोय आली. पटवाऱ्याकडं उरली ती किमान 10 टक्के नोंदींची पडताळणी.

अधिकार शेतकऱ्याकडं आला हे मी मनापासून चांगलं मानतो. पण मोबाइल नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची, किंवा नवरा गेल्यावर नुकतंच नाव लागलेल्या बाईची नोंद कोणी करायची, हा प्रश्न गावानं आणि कार्यालयानं मिळून सोडवायला हवा. पीक पाहणीचा रकाना कोरा राहिला की विमा, नुकसानभरपाई आणि कर्ज, तिन्ही ठिकाणी अडतं. मेळघाटच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज नसलेली वावरं आहेत. म्हणून नोंदणीची मुदत संपण्याआधी ग्रामसभेत नोंद न झालेल्या गटांची यादी वाचून दाखवायला हवी, आणि ज्यांची नावं निघतील त्यांच्या वावरात जाऊन पीक नोंदवून द्यायला हवं.