सुई धरणारा हात

तुळशीचं लग्न लागलं की दादरमधल्या माझ्या क्लिनिकचा फोन वाजायचा थांबत नाही. रानडे रोडवरची खरेदी उरकून, हातातल्या पिशव्यांसकट मायलेकी जिना चढून येतात. कुणी लालबागची, कुणी परळची, कुणाचं सासर गिरगावात. आजोबा ज्या गिरणीत साच्यावर उभे राहायचे, तिच्या जागेवर उठलेल्या टॉवरमध्ये आज नात नोकरी करते आणि उपचाराचे पैसे स्वतःच्या पगारातून भरते. "मॅडम, वीस दिवसांवर लग्न आलंय. तेवढ्यात वांग जातील ना?" हा प्रश्न हंगामात रोजचा. धनुर्मासात जरा उसंत मिळते, संक्रांत झाली की पुन्हा तीच गर्दी.

त्वचेला मुहूर्त कळत नाही. तिचा वरचा थर नव्याने घडायला साधारण चार आठवडे लागतात. केमिकल पीलच्या दोन बैठकांमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवावंच लागतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर. पील जरा जास्त वेळ राहिलं किंवा लेझरची ऊर्जा थोडी चढी लागली, की त्या जागी काळा डाग उठतो आणि महिनोन्‌महिने हटत नाही. म्हणून वीसच दिवस उरले असतील तर मी सनस्क्रीन, मॉइश्चरायझर आणि हलकी स्वच्छता एवढ्यावर थांबते. वांगांचा उपचार लग्नानंतर. पुष्कळदा मुलीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचं मलम आधीच लावायला घेतलेलं असतं. 2018 मध्ये सरकारने अशी मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती घरोघरी सापडतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, पुरळ उठतं, लव वाढते. बंद केलं की भडका उडतो. ते निस्तरायला कित्येक महिने जातात.

आमच्या कामातला मोठा वाटा हा असा 'आत्ता नको, नंतर करू' सांगण्याचा आहे. रुग्णांना ते सांगणं अंगवळणी पडलं होतं. तेच स्वतःला सांगायची पाळी गेल्या हंगामात आली.

त्यासाठी हाताचं काम काय असतं ते आधी सांगायला हवं. बोटॉक्सची बाटली उजेडात धरली तर रिकामीच वाटते, इतका औषधाचा थर पातळ असतो. 100 युनिटच्या बाटलीत मी अडीच मिली सलाइन घालते. आतल्या निर्वातामुळे ते आपोआप ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती बाटली बाजूला ठेवायची. घुसळायची नाही, बोटांत अलगद फिरवायची. मग रुग्णाला म्हणायचं, "रागावल्यासारखं करा." दोन भुवयांमध्ये आठ्या पडतात, त्यांवर पांढऱ्या पेन्सिलीने पाच खुणा. प्रत्येक खुणेला चार युनिट, म्हणजे मिलीलिटरचा दहावा भाग. भुवईच्या वरची टोचणी हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटीमीटर वर हवी. औषध खाली झिरपलं तर पापणी लोंबते आणि नवरीचे सगळे फोटो अर्ध्या मिटलेल्या डोळ्याने निघतात. व्हँकूव्हरच्या जीन आणि ॲलस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने आठ्यांवरच्या या उपचाराचा पहिला अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध केला, अमेरिकेत 2002 साली त्याला मान्यता मिळाली. एवढ्या वर्षांनंतरही सगळी भिस्त दट्ट्यावरच्या अंगठ्यावर आहे.

फिलरमध्ये तर अंगठा आणखी महत्त्वाचा. जेल आत जाताना किती अडतंय, हे त्यालाच कळतं. जेल रक्तवाहिनीत शिरलं तर वरची कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर दिसू लागते. तेव्हा हात तिथेच थांबवून हायल्युरोनिडेज टोचून जेल विरघळवावं लागतं. ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये कायम असते. उशीर झाला तर कातडी मरते, आणि क्वचित दृष्टीही जाऊ शकते.

मार्गशीर्षात माझा उजवा अंगठा बधिर होऊ लागला. अंगावरच्या फिकट चट्ट्यावर कापसाची वात फिरवून "कळतंय का?" असं विचारायला मी केईएमच्या त्वचारोग ओपीडीत शिकले. कुष्ठरोग ओळखण्याची ती साधी, जुनी रीत. तीच वात एका रात्री स्वतःच्या अंगठ्यावरून फिरवली. स्पर्श अर्धाच कळत होता. एमआरआयमध्ये निदान निघालं: मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेली होती. मान पुढे, उजवा खांदा वर, डोळे रुग्णाच्या कपाळावर, अशा अवस्थेत वर्षानुवर्षं काढली की मणके हिशेब मागतात. अशा दुखण्यात बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. विश्रांती, औषधं आणि व्यायाम यांनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नस मोकळी होते. पण तोवर सुईला हात लावायचा नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं.

घरातही तेव्हाच दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. गिरगावात आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. 81व्या वर्षात पोचलेल्या आईला तितक्याच दिव्यांनी ओवाळायचं, चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं, असं आम्ही भावंडांनी वर्षभर आधी ठरवलं होतं. आणि मुलीची दहावी मार्चवर आली होती. दुसरीकडे जागेचं भाडं, लेझर मशीनचा हप्ता, रिसेप्शनवरची मुलगी, सहायिका आणि मावशी यांचे पगार. नोकरदार बाईला 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा मिळाली. स्वतःचा दवाखाना चालवणारीला कसलीच रजा मिळत नाही. माझ्या ओळखीच्या तरुण डॉक्टरणी नववा महिना लागेपर्यंत उभ्या राहतात आणि बाळ महिन्या-दीड महिन्याचं झालं की परत येतात. त्यांना हौस नसते. क्लिनिक बंद राहिलं की मिळकत त्याच दिवशी थांबते.

मग आम्ही अपॉइंटमेंटची वही घेऊन बसलो आणि तीन याद्या केल्या. पहिली, थांबू शकणाऱ्यांची: बोटॉक्स, फिलर, लेझर. त्या सगळ्यांना मी स्वतः फोन केले आणि आगाऊ घेतलेली रक्कम परत केली. दुसरी, अजिबात थांबू न शकणाऱ्यांची. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुली तिच्यात होत्या. या गोळ्या चालू असताना दिवस गेले तर गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून त्यांची तपासणी चुकवून चालत नाही. कोडाचे रुग्ण होते, स्टेरॉइडच्या मलमाने चेहरा बिघडलेल्या बायका होत्या. यांना सुई लागत नाही, डॉक्टरचे डोळे आणि कान लागतात. गळ्यात कॉलर घालून मी त्यांना तपासत राहिले. तिसरी यादी दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवता येण्याजोग्यांची. जवळच प्रॅक्टिस करणारी, माझ्याहून धाकटी त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून दोन दुपारी यायला तयार झाली.

"आम्हाला तुमचाच हात हवा," असं बऱ्याच जणी म्हणाल्या. काही रागावल्या, काही दुसरीकडे गेल्या. नवरीच्या आईला तारखेची किती धास्ती असते हे मला कळतं, त्यामुळे त्या रागाचं मला वाईट वाटलं नाही. पण अर्धवट कळणाऱ्या अंगठ्याने कुणाच्या कपाळाला हात घालणं हा त्या विश्वासाचा अपमान झाला असता.

त्याच दिवसांत टाटा हॉस्पिटलमधली केमोथेरपी संपवून एक बाई आल्या. मुलाचा साखरपुडा होता. भुवया गळलेल्या, नखं काळवंडलेली, कातडी कागदासारखी कोरडी. भुवया टॅटूसारख्या गोंदवून मिळतील का, असं त्यांनी विचारलं. केमोनंतर शरीराची प्रतिकारशक्ती सावरायला वेळ लागतो. कॅन्सरच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय तिथे सुई चालवणं योग्य नाही, आणि भुवया बहुधा काही महिन्यांत आपसूक उगवतात. मी त्यांना आरशासमोर बसवलं. भुवईची सुरुवात नाकपुडीच्या रेषेत, उंचवटा बुबुळाच्या बाहेरच्या कडेला, शेपूट डोळ्याच्या कोपऱ्यापलीकडे, अशा तीन खुणा करून बारीक-बारीक रेघांनी भुवया रंगवायला शिकवलं. डाव्या हाताने मी त्यांची एक भुवई काढली, दुसरी त्यांनी स्वतः काढली. त्या हंगामात मला सगळ्यात समाधान देणारं काम तेच ठरलं, आणि त्यात सुई नव्हती.

आईचा सोहळा मी पहिल्या दिव्यापासून शेवटच्या पंगतीपर्यंत अनुभवला. मान साबूत असती तर मी दुपारी तासाभरासाठी येऊन गेले असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दहावीचे पेपर असताना सकाळी मी मुलीला केंद्रावर सोडायला गेले. होळीच्या सुमाराला अंगठ्याला पूर्ण स्पर्श परतला. कापसाची वात, मग टाचणीचं टोक, मग हाडांच्या डॉक्टरांची परवानगी, या क्रमाने खात्री करून मी पुन्हा सुई धरली.

क्लिनिकची घडी आता बदलली आहे. रुग्णाची खुर्ची माझ्या कोपराच्या उंचीला येते, त्यामुळे मान खाली घालावी लागत नाही. दुपारचे दोन तास दार बंद असतं. गणपतीत लालबाग-परळकडचे रस्ते गर्दीने भरून जातात, तेव्हा क्लिनिकलाही सुट्टी. त्या दिवसांत स्वतःच्या तपासण्या उरकायच्या. धाकटी डॉक्टर आता कायमची दोन दुपारी येते, आणि नव्या रुग्णाला पहिल्याच भेटीत आम्ही दोघींची ओळख करून देतो.

हा व्यवसाय करणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे: दुसरा हात गरज पडायच्या आधी तयार ठेवा. नवीन मशीनच्या हप्त्याआधी त्याची सोय करा. आणि लग्नघरातल्या वाचकांना विनंती: चेहऱ्यासाठी काही करायचं असेल तर तीन-चार महिने आधी या. सुई कोण धरणार आहे आणि त्यांची डॉक्टर म्हणून नोंदणी आहे का, हे विचारून घ्या. डॉक्टर "आज नको" म्हणाली तर तिच्यावर रागावू नका. सौंदर्याचे बहुतेक उपचार पुढे ढकलता येतात. घाईत झालेली इजा मात्र कित्येकदा जन्मभर राहते.