पाळणाघरात लेकरू गेलं तर: दोष कुणाचा आणि आपण काय करायचं?

बजाजनगरात सकाळची पाळी सुरू व्हायच्या वेळी रस्त्यावर एक दृश्य रोज दिसतं. एका हातात डबा, दुसऱ्या हातात झोपेतलं लेकरू. कुणी पाळणाघराच्या दारात, कुणी शेजारच्या खालाच्या दारात ते लेकरू सोपवतं आणि कंपनीच्या बसकडे धावतं. वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली सुरू झाला. त्याच्या भोवती जालना, बीड, परभणीकडून आलेली घरं वसली. दादी-नानी गावाकडे राहिल्या. नवरा-बायको दोघं कामाला गेल्याशिवाय खोलीभाडं आणि हप्ता भागत नाही. म्हणून पाळणाघर ही आपल्या घरांची चैन नाही, गरज आहे.

अशा ठिकाणी एखाद्या दिवशी अपघात झाला आणि लेकरू गेलं, तर? हा विचारही मनात आणवत नाही. पण अशा वेळी घरात, मोहल्ल्यात आणि पोलीस ठाण्यात काय करायचं हे आधी माहीत नसेल, तर दुःखावर आणखी दुःख चढतं. म्हणून हा विषय आम्ही आज मांडतो आहोत.

पहिलं बोट आईकडेच का?

मय्यतीच्या घरी लोक ताजियतीला येतात, सब्र करा म्हणतात. पण दाराबाहेर पडल्यावर कुजबुज सुरू होते. “एवढंसं लेकरू टाकून कामाला जायची काय गरज होती?” हा प्रश्न बापाला कुणी विचारत नाही, आईलाच विचारतात. तीसुद्धा स्वतःला तेच विचारत असते. त्या दिवशी सुट्टी घेतली असती तर? दुपारी एक फोन केला असता तर?

इथे आपल्याला सीरतमधली एक गोष्ट आठवायला हवी. रसूलुल्लाह (स.) यांचे पुत्र इब्राहिम दूधपित्या वयाचे असताना मदिन्यातल्या एका लोहाराच्या घरी होते. त्या लोहाराची बीबी त्यांची दाई होती. बुखारी शरीफमध्ये आलं आहे की इब्राहिम यांचे शेवटचे श्वास त्याच घरात चालले होते आणि हुजूर (स.) तिथे गेले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सोबतच्या सहाबींना आश्चर्य वाटलं, तेव्हा त्यांनी हे अश्रू म्हणजे रहमत असल्याचं सांगितलं. डोळे रडतात, मन दुःखी होतं, पण तोंडून रब नाराज होईल असं काही निघत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

तिथे इंतिकाल आजाराने झाला होता, अपघाताने नाही, हे खरं. पण दोन गोष्टी स्पष्ट होतात. लेकरू दुसऱ्याच्या घरी सांभाळायला देणं हा गुन्हा नाही. खुद्द हुजूर (स.) यांचं बालपण दाई हलीमा यांच्याकडे गेलं. आणि रडणं म्हणजे सब्र सोडणं नाही. त्यामुळे आईला “रडू नकोस, मरणाऱ्याला त्रास होतो” असं दटावणं थांबवू या. “असं केलं असतं तर” या विचारात स्वतःला जाळत राहण्यापासूनही हदीसमध्ये रोखलेलं आहे. तिला ही गोष्ट मायेने सांगावी, वाझ म्हणून नाही.

“अल्लाहची मर्जी” म्हणजे चौकशी नको, असं नाही

दुसऱ्या बाजूला काही लोक लगेच म्हणतात, “तकदीर होती, आता पोलीस-कोर्ट कशाला?” तकदीरवर ईमान आहेच. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू नये, आधी बांधावा, ही शिकवणही आपलीच आहे. मौत लिहिलेली होती म्हणून हौद उघडा ठेवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. सूरह निसामध्येही जाणूनबुजून केलेला खून आणि चुकून झालेला खून वेगवेगळे सांगितले आहेत, आणि चुकून झालेल्यालाही दियत आणि कफ्फारा आहे. म्हणजे चूक ही चूकच असते. फक्त ती खून नसते.

दोष ठरवताना घाई नको

आपल्याच राज्यातलं भंडाऱ्याचं उदाहरण घ्या. ते पाळणाघर नव्हतं, रुग्णालय होतं. पण आईबापांनी विश्वासाने दुसऱ्यांच्या हाती दिलेलीच ती बाळं होती. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. 17 पैकी 10 बाळं गेली, 7 वाचली. गेलेल्यांतली बहुतेक धुरात गुदमरली होती. पुढे काही अधिकारी निलंबित झाले आणि गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. तेव्हा परिचारिकांच्या संघटनांनी विचारलं: आग विझवायची यंत्रणा बसवणं हे नर्सचं काम होतं का?

दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्या वेळी बाळांजवळ कोण होतं, हे विचारायलाच हवं. आणि धुराची सूचना देणारं यंत्र का नव्हतं, हेही विचारायला हवं. पाळणाघरातही असंच होतं. सगळा राग तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मावशीवर निघतो. एका बाईच्या हाती किती लेकरं दिली होती, खोली कशी होती, हे मालकाला कुणी विचारत नाही.

मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात 5 जून 2009 रोजी एका पाळणाघराला आग लागून 49 लेकरं गेली. आग शेजारच्या सरकारी गोदामातून आली होती आणि बाहेर पडायला पुरेसे दरवाजे नव्हते. तिथले आईबाप एका आयाला शिव्या देऊन थांबले नाहीत. ते वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले आणि 2011 मध्ये त्या देशात पाळणाघरांच्या सुरक्षेचा कायदा झाला.

कायद्याने काय करायचं?

बजाजनगर एमआयडीसी वाळूज पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. तिथे आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते आणि चौकशी सुरू होते. निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली गुन्हा लागतो. त्यात 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या 304-अ मध्ये ती 2 वर्षं होती. सांभाळणाऱ्या संस्थेने लेकराकडे दुर्लक्ष केलं असेल, तर बाल न्याय कायद्याचं कलम 75 सुद्धा लागू होऊ शकतं.

पोस्टमॉर्टमला आपल्याकडे खूप विरोध होतो. मय्यतीची बेअदबी होते, दफनाला उशीर होतो, ही भावना आम्ही समजतो. पण मृत्यू कशाने झाला हे त्याशिवाय कळत नाही. पुढे संशय निर्दोष माणसावर राहतो किंवा दोषी सुटतो. कायद्याची गरज असेल तिथे अनेक उलेमांनी याला जायज म्हटलं आहे. मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी अशा वेळी घाटीत जाऊन लवकर काम व्हावं म्हणून धावपळ करावी. खरी मदत ती आहे.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा:

– सीसीटीव्ही असेल तर त्याचं रेकॉर्डिंग लगेच जप्त करायला पोलिसांना लेखी सांगा. काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.
– एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्या.
– वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.
– फी देऊन घेतलेली सेवा असेल तर ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते.
– मोबाइलवर कुणाचं नाव, फोटो फिरवू नका. पाळणाघर चालवणाऱ्याची जात किंवा धर्म काढून तर मुळीच नाही. त्याने लेकराला इन्साफ मिळत नाही, वस्ती मात्र पेटते.

माफी कुणाच्या हातात?

चार लोक बसून “मिटवून टाका” म्हणतात. माफ करणं मोठं काम आहे, पण तो हक्क फक्त आईबापांचा आहे. जमातीने तो त्यांच्याकडून वसूल करायचा नसतो. शिवाय कलम 106 चा गुन्हा आपसात समझोता करून मिटत नाही, तो कोर्टातच चालतो. आईबापांनी मनातून माफ केलं तरी खरी साक्ष द्यायला हरकत नाही. माफी आणि सत्य एकमेकांच्या आड येत नाहीत.

आजच बघून घ्या

उद्या लेकरू सोडायला जाल तेव्हा दोन मिनिटं आत जा. बादली भरलेली तर नाही ना? लहान लेकरू काही इंच पाण्यातही बुडतं. हौदाला झाकण आहे का? झोळीची दोरी, उघडे स्विच, गॅस लेकराच्या हाताला लागतो का? शेंगदाणे, द्राक्षं, नाणी आसपास पडली आहेत का? एक बाई किती लेकरं बघते? घशात काही अडकलं तर काय करायचं हे तिला येतं का? 108 नंबर भिंतीवर लिहिलेला आहे का? विचारायला लाजू नका. चांगली खाला या प्रश्नांनी रागावणार नाही.

आणि कंपनीलाही विचारा. 50 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघराची अट कारखाना कायद्याने 1948 सालीच घातली. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला ती लावली आणि आईला दिवसातून 4 वेळा लेकराला भेटायची मुभा दिली. सामाजिक सुरक्षा संहितेतही 50 चीच अट आहे. कामाच्या जागेजवळ चांगलं पाळणाघर असतं, तर कित्येक लेकरांना कोंदट खोलीत दिवस काढावा लागला नसता.

ज्या घरावर हे दुःख आलं आहे, तिथे तीन दिवसांनी लोक यायचे थांबतात. खरी गरज तर चौथ्या दिवसापासून असते. डबा घेऊन जा. आईजवळ नुसतं बसा. लेकराचं नाव घ्यायला घाबरू नका, तिला ते ऐकायचं असतं. तारखेला बापासोबत कोर्टात जा. अल्लाह प्रत्येक लेकराला आपल्या हिफाजतीत ठेवो, आणि ज्यांचं लेकरू गेलं त्यांना सब्रही देवो आणि इन्साफही. आमीन.