डोंगरापलीकडचें पुणें

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघालेल्या प्रवाशानें कात्रजचा डोंगर ओलांडला, कीं शहर संपलें असें त्यास वाटतें. शिंदेवाडी, वेळू, खेड-शिवापूर हीं गांवें मागें टाकून तो भोर तालुक्यांतील वरवे बुद्रुकपाशीं येतो. हें शिवगंगेचें खोरें, भातशेतीचा मुलूख. परंतु शहराचा नकाशा डोंगरापाशीं थांबलेला नाहीं. पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ सालीं स्थापन झालें आणि भोर तालुक्यांतील महामार्गालगतचा पट्टाही त्याच्या क्षेत्रांत आला. त्याचा २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा शासनानें २०२५ सालीं रद्द केला. तेव्हां, नव्या कागदावर पहिली रेघ कशाची ओढावयाची? बहुधा ती रस्त्याची ओढली जाते. वस्तुतः ती पाण्याची असावयास हवी.

कात्रजची डोंगररांग ही पाण्याची वांटणी करणारी भिंत होय. उत्तर उतारावरचें पाणी आंबील ओढ्यानें मुठेस मिळतें; दक्षिणेकडचें शिवगंगेवाटे नीरेकडे जातें. पुढें नीरा नरसिंगपुरापाशीं हीं दोन्हीं पाणी भीमेच्या पात्रांत एकत्र येतात. डोंगर एक, पाऊस एक. वाटा मात्र दोन. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं या दोन्ही वाटांनीं अनर्थ झाला. इकडे आंबील ओढ्याच्या कांठचे अनेक संसार बुडाले. तिकडे खेड-शिवापूर येथें झोपेंत असलेलीं माणसें पुरानें वाहून गेलीं. त्याच्याही आधीं, ६ जून २०१३ रोजीं, शिंदेवाडीपाशीं डोंगर फोडल्यामुळें नैसर्गिक प्रवाहाची वाट अडली आणि महामार्गावर लोटलेल्या पाण्यांत एक माता व तिची चिमुकली मुलगी प्राणांस मुकली. पाऊस ही दैवाची गोष्ट खरी. पण ओढ्याची वाट बुजविणें हें दैवाचें काम नव्हे.

पाणी असें एकाएकीं कां खवळतें, हें समजण्यास थोडें गणित पुरे आहे. एका एकरावर ४ इंच पाऊस पडला, म्हणजे सुमारें ४ लक्ष लिटर पाणी पडतें. भाताच्या खाचरास चोहोंकडून बांध असतो. तें पाणी खाचरांत तुंबतें, कांहीं जमिनींत मुरतें, आणि उरलेलें खाचरामागून खाचर उतरत सावकाश ओढ्यास मिळतें. त्याच खाचरांत मुरूम भरून वर सिमेंटचा गिलावा केला, कीं तेंच पाणी घटकाभरांत खालच्या माणसाच्या दारीं जातें. आणि जें मुरावयाचें तें न मुरल्यामुळें वैशाखांत त्याच गांवची विहीर आटते. पूर आणि टंचाई हीं एकाच चुकीचीं दोन फळें आहेत.

पुण्यास हा विचार नवा नाहीं. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून जमिनीखालील नळानें शहराच्या हौदांत पाणी आणलें. पेठा वाढवितांना उगमाकडे पाहणें त्यांना आवश्यक वाटलें. अलीकडे मात्र हें भान उशिरां येतें. १९९७ सालीं शहरांत घेतलेल्या २३ गांवांच्या टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणास शासनाची मान्यता मिळाली ती २०१५ सालीं. अठरा वर्षें कागद थांबूं शकतो. डोंगर फोडणारें यंत्र थांबत नाहीं.

यावर आक्षेप असा येतो, कीं शेतकऱ्यानें खाचरें राखावीं व शहरवासीयांनीं सुखानें निजावें, हा न्याय कोणता? आक्षेप अगदीं रास्त आहे. ज्या शेतानें खालच्या वस्तीचा पूर अडतो, त्या शेताच्या धन्यास त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. शहर धरणाचा खर्च करतें. मग हजारों लहान बांधांचा खर्च त्यास जड कां व्हावा? आणि ओढे, त्यांचे कांठ व डोंगरउतार आधीं आंखून राखले, तर उरलेल्या भूमीवर घरें, कारखाने, रस्ते यांस कोणाचीच हरकत राहणार नाहीं.

कायद्याप्रमाणें विकास आराखडा साधारण वीस वर्षांनीं पुन्हां तपासला जातो. रस्ता चुकला, तर त्या वेळीं दुसरा काढतां येतो. फोडलेला डोंगर मात्र कोणत्याही दुरुस्तीनें पुन्हां उभा राहत नाहीं. म्हणून वरव्याचा ओढा कोठून कोठें जातो, हें आराखडा करणारानें आधीं पावसाळ्यांत पायीं हिंडून पाहावें, आणि मगच पेन्सिल हातीं घ्यावी.