बाळंतिणीची यादी आणि गर्भवतीचे ताट

व्यापाऱ्यास घराची ओळख यादीवरून होते. तूर, ज्वारी वा हरभरा घालण्यास दापोऱ्याहून जी मंडळी आमच्या पेढीवर येतात, ती पट्टीची रक्कम घेऊन परतताना बहुधा किराण्याची यादीही खिशात बाळगून असतात. ज्या यादीत डिंक, खारीक, खोबरे, अळीव आणि मेथीदाणे एकत्र दिसतात, त्या घरी आठवा वा नववा महिना चालू आहे, हे विचारल्यावाचून कळते. बाळंतिणीच्या लाडवांची ही तयारी होय. या खर्चात सासूबाई हात आखडता घेत नाहीत.

परंतु ज्या दिवशी ही यादी लिहिली जाते, त्या दिवशी त्या गर्भवतीच्या स्वतःच्या ताटात काय असते, हा प्रश्न आम्हांस आज व्यापारी बंधुभगिनींपुढे ठेवावयाचा आहे. बाळंतपणानंतरचा सव्वा महिना आपला समाज निष्ठेने सांभाळतो. त्याआधीचे तीन महिने मात्र कोणत्याच यादीत येत नाहीत.

दापोरा हे बऱ्हाणपूरकडील गाव. हा मुलूख पूर्वी खंडव्याच्या पूर्व निमाड जिल्ह्यात होता. 15 ऑगस्ट 2003 रोजी बऱ्हाणपूरचा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश असले तरी तापीखोऱ्याच्या या भागातील चूल खानदेशाशी नाते सांगते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, ज्वारी-उडदाचा कळणा, शेंगदाण्याची चटणी हे इथले अन्न. शिवारात केळी आणि कापूस. अशा सुपीक भूमीतही घरातील सून सर्वांमागून जेवते, आणि ‘फार खाल्ले तर मूल मोठे होईल, बाळंतपण अडेल’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया अद्याप आढळतात. वस्तुतः सातवा महिना सुरू होताना सुमारे 1 किलो असलेले बाळ पूर्ण दिवस भरेपर्यंत अडीच ते तीन किलोंचे व्हावयाचे असते. नेमक्या याच काळात आईचा घास कमी करणे म्हणजे पीक फुलोऱ्यात असताना पाणी तोडणे होय.

या विषयाचा मोठा अभ्यास आपल्याच मराठी मुलखात झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवतींच्या आहाराची व कामाची नोंद ठेवली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2 किलो 665 ग्रॅम भरले. 2001 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आम्हां धान्यवाल्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. बाळाच्या आकारमानाचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण अन्नाच्या मापाशी लागला नाही. तो लागला हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध यांच्याशी. ज्या स्त्रियांवर पाणी भरणे, शेतकाम इत्यादी कष्टांचा भार अधिक होता, त्यांची बाळे लहान असल्याचेही पुढे दिसून आले. तात्पर्य, केवळ पोत्यांनी कोठी भरली म्हणून गर्भवतीचे पोषण होत नाही. आमच्या मालास भाजीवालीची आणि गवळ्याची जोड हवी.

आता मापाकडे वळू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली सांगितल्याप्रमाणे गर्भवतीस नेहमीपेक्षा रोज सुमारे 350 कॅलरी अधिक लागतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिने सुमारे 22 ग्रॅम अधिक लागतात. हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. 30 ग्रॅम डाळ, 25 ग्रॅम शेंगदाणे आणि पाव लिटर दूध एवढे रोजच्या जेवणात वाढविले, तर ही गरज जवळजवळ भागते. सोबत मेथी, राजगिरा वा शेवग्याची पाने, त्यांवर लिंबू पिळून, आणि घरचे केळे. लिंबू-आवळ्याने अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवितो.

लोहाचा प्रश्न गंभीर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. म्हणून चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यावयाची असते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी, अन्यथा लोहाचे शोषण कमी होते. अंगणवाडीतून मिळणारा शिधा गर्भवतीच्या वाट्याचा आहे. तो घरच्या मुलाबाळांत वाटून संपवू नये. प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा.

आपल्या शाकाहारी घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ब-12 हे जीवनसत्त्व धान्य-भाजीत नसते. शाकाहाऱ्यास ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. पुण्याच्या अभ्यासातील सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी आढळले. त्याचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरी गर्भवतीच्या ताटातून काय उणे झाले आणि त्याऐवजी काय वाढले, याचा हिशेब अवश्य मांडावा. हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि सकाळची नवकारशी यांत तेरा-चौदा तासांचे अंतर पडते. गर्भवतीच्या रक्तातील साखर उपासाने लवकर उतरते. तेव्हा सायंकाळचे ताट वरण, भाजी व दुधासह भरलेले असावे आणि सकाळी तिला कामास जुंपण्यापूर्वी खाऊ घालावे. तप शक्तीनुसारच करावे, ही आपली परंपरा आहे. दोन जिवांचा भार वाहणाऱ्या स्त्रीची शक्ती आधीच एका मोठ्या कार्यात गुंतलेली असते. उपवासाच्या बाबतीत तिने डॉक्टरांस आणि गुरुमहाराजांस, दोघांसही विचारावे. घरच्यांनी तिच्यावर आग्रह लादू नये.

शेवटी आपल्या गोदामांविषयी. धान्य चाळण्या-निवडण्यास येणाऱ्या बायांत दिवस गेलेल्या स्त्रियाही असतात. त्यांस ओझे उचलावयास लावू नये, बसून करण्याचे काम द्यावे, दुपारी भाकरी खाण्यास व पाठ टेकण्यास पुरेसा वेळ द्यावा आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये. यात पेढीचा जो खर्च होईल तो एका पोत्याच्या सुटीहून फारसा अधिक नसेल.

ज्या घरी डिंक-खारकेची यादी निघेल, त्या यादीच्या माथ्यावर डाळ, शेंगदाणे, गूळ, भाजी आणि दूध ही नावे आजच्या तारखेने लिहिली जावीत, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.