अस्थींवरून उंचीचे अनुमान : व्यवहार आयुर्वेदातील एक उपयुक्त साधन

दि. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अनेक देह ओळखण्यापलीकडे जळाले होते. दुसऱ्या दिवशी बुलढाणा येथे सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. अशा प्रसंगी मृताची ओळख ही आप्तांची व न्यायालयाचीही गरज असते. लिंग व वय यांच्याबरोबर उंचीचे अनुमान त्या कामी साहाय्यभूत होते.

चरकाचार्यांनी विमानस्थानात शरीराचा आयाम ८४ अंगुले सांगितला आहे, तोही ज्याच्या त्याच्या अंगुलप्रमाणाने. अवयव व उंची यांचे परस्परप्रमाण हाच आधुनिक पद्धतीचाही आधार होय.

सांगाडा संपूर्ण असल्यास कवटीपासून टाचेपर्यंतच्या अस्थींच्या मापांची बेरीज करून मृदू भागांसाठी भर घालतात. एखादीच दीर्घास्थि मिळाल्यास ती अस्थिमापन फलकावर मोजून गुणक अथवा समीकरण वापरतात. उंचीत प्रत्यक्ष भाग असल्याने ऊर्वस्थि व जंघास्थि अधिक विश्वसनीय. बाहूच्या अस्थी त्याखालोखाल. ऊर्वस्थीचा गुणक साधारण ३.६ ते ३.८ असतो. ४५ सें.मी. लांबीच्या ऊर्वस्थीवरून ३.७ या गुणकाने उंची १६६.५ सें.मी. येते. मापनात १ सें.मी. चूक झाली, तर उत्तर ३.७ सें.मी.ने चुकते.

सूत्र कोणत्या जनसमूहावरून सिद्ध झाले, हेही पाहणे अगत्याचे आहे. पिअर्सन यांची सूत्रे (१८९९) फ्रेंच, तर ट्रॉटर व ग्लेसर यांची (१९५२) अमेरिकन सांगाड्यांवर आधारलेली आहेत. ती वऱ्हाडातील व्यक्तीस जशीच्या तशी लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. स्त्री व पुरुष यांची सूत्रेही भिन्न असतात. म्हणून प्रथम श्रोणि व कवटीवरून लिंगनिश्चिती करावी.

दग्ध अस्थींबाबत विशेष दक्षता हवी. तीव्र उष्णतेने अस्थि आकुंचन पावते, तडकते व वाकते. वरील ऊर्वस्थि ५ टक्के आकसली, तर उत्तर सुमारे १५८ सें.मी. येईल. या आठ सेंटिमीटरच्या फरकाने खऱ्या मृताचेच नाव यादीतून वगळले जाण्याचा संभव असतो. म्हणून काळवंडलेल्या वा भाजून पांढऱ्या पडलेल्या अस्थींचा वर्ण, भेगा व तुटलेले भाग अहवालात नोंदवावेत आणि दंतपरीक्षण व डीएनए तपासणीस प्राधान्य द्यावे.

सारांश, उंचीवरून व्यक्ती सिद्ध होत नाही. केवळ शक्यता मर्यादित होतात. अहवालात एकच आकडा न देता मर्यादा द्यावी आणि मोजलेली अस्थि, तिची बाजू, माप व वापरलेले सूत्र स्पष्ट लिहावे. साक्षीच्या वेळी वैद्यास हीच नोंद आधार देते.