काकूला ठाऊक होते

व्हिडिओ गेमचे परीक्षण लिहायला माझ्याइतका अनधिकारी माणूस शोधून सापडणार नाही. खेळांतली माझी मजल पत्त्यांच्या झब्बूपलीकडे कधी गेली नाही. आमच्या दिवाणखान्यात नातवाचे ते यंत्र आले, तेव्हा घरात पहिले भांडण काढले ते मीच. पण गेल्या मे महिन्यात पाय मुरगळला, तीन आठवडे घराबाहेर पडणे बंद झाले, आणि तेरा वर्षांच्या निखिलने बटणांचा तो कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. "आजोबा, नुसतं बघून नावं ठेवू नका. चालवून बघा," तो म्हणाला. वाचकहो, पाय बरा झाला तरी चार दिवस मी लंगडतच होतो, याचे कारण आता घरच्यांना कळले तरी चालेल.

खेळाचे नाव 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन'. कॅलिफोर्नियातल्या इन्सोम्नियॅक गेम्स या संस्थेने तो तयार केला आणि ७ सप्टेंबर २०१८ रोजी सोनीच्या प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठी तो बाजारात आला. पहिल्या ३ दिवसांतच त्याच्या ३३ लाख प्रती खपल्या. नायक मात्र जुना आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को या जोडीने १९६२ साली चित्रकथेच्या पानांत त्याला जन्माला घातले. म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटा. पण खेळातला पीटर पार्कर अवघा तेवीस वर्षांचा आहे.

खेळाचे पहिले सुख म्हणजे झोके. न्यूयॉर्कमधला मॅनहॅटनचा भाग पडद्यावर उभा आहे. एक बटण दाबून धरले की मनगटातून कोळ्याचा धागा सुटतो, एखाद्या इमारतीला चिकटतो, आणि आपण रस्त्यावरच्या मोटारींवरून झोका घेत सुटतो. धागा हवेत अधांतरी चिकटत नाही. त्याला इमारत किंवा झाड लागतेच. त्यामुळे उंच इमारतींच्या गल्लीत आपण राजे, आणि सेंट्रल पार्कच्या झाडीवर आलो की एकदम जमिनीच्या जवळ. पहिल्या दिवशी मी निम्म्या न्यूयॉर्कच्या भिंतींवर आपटलो. चौथ्या दिवशी सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, तेव्हा मी झोक्याबरोबर मानही हलवत होतो म्हणे.

कारागिरीही बारीक आहे. पीटरचा आवाज युरी लोवेन्थल या नटाचा. त्याच्याकडून कित्येक वाक्ये दोनदा म्हणवून घेतली आहेत: एकदा स्वस्थ उभ्या माणसाच्या आवाजात, एकदा दमलेल्याच्या. आपण झोका घेत असलो तर धाप लागलेले वाक्य ऐकू येते, थांबलो तर शांत. हे मला निखिलने सांगितले, आणि मग मी मुद्दाम वाक्याच्या मध्येच थांबून पाहू लागलो.

दोषही सांगितले पाहिजेत. शहरातले किरकोळ गुन्हे पुन्हापुन्हा त्याच साच्यातून निघतात. पंधरावी चोरी पकडताना चोराइतकाच आपल्यालाही कंटाळा येतो. पीटरने जागोजागी लपवलेली ५५ जुनी दप्तरे शोधण्याचा उद्योग मुलांना आवडेल. मला तो माळा आवरण्यासारखा वाटला. मेरी जेन आणि माइल्स मोरालेस हा मुलगा यांना घेऊन काही प्रसंग खेळावे लागतात. त्यांच्याकडे कसलीच शक्ती नसते, म्हणून पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत सरपटत जायचे. निखिलला हे प्रसंग रटाळ वाटतात. मला तेच बरे वाटले. शक्ती नसताना पुढे जायचा सराव मला अधिक आहे.

पण मी गुंतलो तो गोष्टीत. हा पीटर दिवसभर शहर वाचवतो आणि त्याचे घरभाडे थकलेले असते! एके दिवशी तो खोलीवर येतो तर दाराला कुलूप आणि सामान कचऱ्याच्या गाडीत. इमारतींवरून उडणारा हा वीर आपल्या वस्तूंसाठी कचरागाडीमागे धावतो, तेव्हा हसूही येते आणि पोटात तुटतेही. तो ज्या प्रयोगशाळेत काम करतो तिथले डॉक्टर ऑक्टेवियस त्याला गुरूच्या ठिकाणी. अपंगांसाठी कृत्रिम हात बनवणारा हा सज्जन माणूस स्वतःच्या दुखण्याने आणि जुन्या सूडाने कडवट होत जातो. पाठीवर चार लोखंडी हात चढवून तो शत्रू होतो, तोवर आपण त्याच्याबरोबर इतके तास घालवलेले असतात की मारायला हात उचलत नाही.

आणि आहे मे काकू. पीटरला वाढवणारी, आता बेघरांच्या आश्रयगृहात काम करणारी. पीटर स्पायडर-मॅन होऊन आठ वर्षे झाली, पण हे त्याने काकूपासून लपवून ठेवले आहे. प्रत्येक भेटीत उशीर, प्रत्येक उशिराला एक थाप.

शेवट सांगू नये असा परीक्षणाचा संकेत आहे. तो मी मोडणार आहे. ज्यांना खेळायचे आहे त्यांनी इथेच पान मिटावे.

शहरात एक भयंकर रोग पसरतो आणि काकूलाही तो होतो. पीटर गुरूशी झुंजून उतारा मिळवतो. पण असते ती एकच कुपी. ती काकूला दिली तर बाकीच्यांसाठी औषध बनवायला काही उरत नाही, आणि ते बनेपर्यंत काकू टिकणार नाही. पीटर मुखवटा घालून तिच्या खाटेशी जातो. ती त्याला मुखवटा काढायला सांगते. तिला पुतण्याला पाहायचे असते. तिला सारे कधीपासून ठाऊक होते! कुपी शहराला मिळते. काकू जाते.

निखिल चिडला होता. "इथे आपल्याला निवडू द्यायला हवं होतं. टेलटेलच्या बॅटमॅनमध्ये देतात." २०१६ सालच्या त्या खेळात दर प्रसंगी काय बोलायचे हे काही सेकंदांत आपणच ठरवायचे असते, हे खरे. इथे मात्र वीस तास चाललेली बटणे ऐन वेळी मुकी होतात. आपण फक्त बघायचे.

"आजोबा, तुम्ही असता तर कुणाला दिली असती?"

मी बराच वेळ बोललो नाही. मग जे कुणालाच सांगितले नव्हते ते त्याला सांगितले.

आईवडील गेल्यावर मलाही काकूनेच वाढवले. पुढे मी ठाण्याला बिऱ्हाड केले, पण कुर्ल्याच्या चाळीतली तळमजल्याची खोली तिने सोडली नाही. २६ जुलै २००५ च्या त्या मंगळवारी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा एका इस्पितळात विजेच्या कामावर होतो. वीज गेलेली, आणि जनरेटरच्या खोलीत पाणी चढू लागलेले. काकूची चाळ तिथून पायी पंचवीस मिनिटांवर. चारच्या सुमारास माझा जोडीदार म्हणाला, "म्हातारी एकटी आहे. तू नीघ, मी बघतो." तेव्हा रस्त्यावर पाणी गुडघ्याएवढेच होते. जाता आले असते. मी गेलो नाही. वरच्या मजल्यावर यंत्राच्या श्वासावर असलेले रोगी होते, आणि ते जनरेटर एकट्याने सांभाळण्यासारखे नव्हते.

काकूला शेजारच्या पोरांनी छातीएवढ्या पाण्यातून वर नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो, तेव्हा ती कुणाच्या तरी कोरड्या लुगड्यात जिन्यावर बसली होती.

"वाटच नव्हती गं, काकू," मी म्हटले.

"असेल," ती म्हणाली. "पाय धू आधी. केवढा चिखल आणलायस."

त्यानंतर ती चार वर्षे होती. मी तिला खरे सांगितले नाही, तिने विचारले नाही.

निखिल ऐकत राहिला. माझ्या हाती बटण होते आणि मीच ते दाबले होते, हे त्याला कळले असावे. कारण खेळ बनवणाऱ्यांवरचा त्याचा राग बराच उतरला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे त्यांना माहीत होतं."

"असेल," मी म्हटले.

या दिवाळीच्या सुट्टीत मुले यंत्रापुढे बसली की त्यांच्यावर ओरडण्याआधी तासभर शेजारी बसून पाहा, एवढेच माझे सांगणे. आम्ही दोघांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडला आहे. या खेपेला मे काकूच्या आश्रयगृहात गेलो की मी घाई करत नाही. निखिल मागून ढोसतो, "आजोबा, चला, बाहेर दरोडा पडलाय." पडू दे म्हणावे, आलोच.